प्रा. मधु दंडवते : साधेपणाच्या गोष्टी बाजूला ठेवल्या, तर काय उरते?

प्रश्न – तळकोकणातला वाचक

आमच्या गावच्या वाचनालयात समाजवादी नेते आणि माजी रेल्वेमंत्री व अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते यांच्यावर एक छोटे प्रदर्शन लावायचे ठरले आहे आणि फलकांचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेला महिनाभर मी जमेल तिथून साहित्य गोळा करतो आहे. अडचण अशी की हाती आलेल्यापैकी निम्म्याहून अधिक मजकूर व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला आहे आणि त्याचा साचा एकच आहे. मंत्री असूनही रांगेत उभे राहिले, मंत्री असूनही एसटीने आले, मंत्री असूनही स्वतःचे कपडे स्वतः धुतले. यातली एक गोष्ट तर मी याआधी लालबहादूर शास्त्रींच्या नावावर वाचली होती आणि आणखी एका पुढाऱ्याच्या नावावर भाषणात ऐकली होती. एकच गोष्ट तीन माणसांच्या अंगावर बसत असेल, तर ती त्यांच्यापैकी कोणाचीच नाही असे मला वाटू लागले आहे.

दंडवते साधे होते याबद्दल मला शंका नाही. पण साधी माणसे आमच्या वाडीतही पुष्कळ आहेत आणि त्यांचे प्रदर्शन कोणी लावत नाही. म्हणून जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. साधेपणाच्या या सगळ्या गोष्टी वजा केल्या, तर या माणसाच्या सार्वजनिक कामातून नेमके काय उरते? आणि जन्माने अहमदनगरचे, नोकरीने मुंबईचे असलेल्या या प्राध्यापकाला आमच्या राजापूर मतदारसंघाने 1971 पासून 1989 पर्यंत सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले, त्याच मतदारसंघाने 1991 मध्ये त्यांना का पाडले? दुसऱ्या प्रश्नाचा फलक लावू नये असे समितीतल्या काहींचे मत आहे; माझे मत तसे नाही.

उत्तर – जुना रेल्वेवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते सोपे आहे, कारण ते माझ्या सेवापुस्तकात नोंदलेले आहे.

8 मे 1974 रोजी देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे वीस दिवस चालला. मी तेव्हा नोकरीला नवा होतो आणि संपात होतो. हजारो माणसे कामावरून गेली, त्यांत मीही गेलो. कोणत्या कारखान्यातून ते सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. पुढची तीन वर्षे मी मेहुण्याच्या भाजीच्या गाळ्यावर बसून काढली. 1977 मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेण्याचा निर्णय त्यांनी आल्या आल्या घेतला. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस त्याच मंत्रिमंडळात होते, त्यामुळे हे होणारच होते असे आता कोणी म्हणेल. परंतु ज्या अधिकाऱ्यांनी आम्हाला काढले होते, त्यांच्याच हातून आम्हाला परत घ्यायला लावणे आणि तरीही खात्याचा कारभार सुरळीत ठेवणे, हे बाहेरून दिसते तितके सोपे नव्हते. मी परत हजर झालो त्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी माझ्याकडे न बघता हजेरीपट पुढे सरकवला, आणि मीही त्यांच्याकडे न बघता सही केली. त्यानंतर आम्ही एकत्र बरीच वर्षे काम केले.

दुसरी गोष्ट फळ्यांची. तिसरा वर्ग 1974 मध्ये कागदावरून गेला, म्हणजे डब्यावरचा आकडा पुसून दुसरा रंगवला गेला. आतली बाके तीच राहिली, लाकडी पट्ट्यांची. कलकत्त्याला किंवा मद्रासला जाणारा माणूस त्या फळीवर दोन रात्री काढायचा. ज्याच्याकडे वळकटी असे तो ती पसरायचा, ज्याच्याकडे नसे तो वर्तमानपत्र. सकाळी उठल्यावर पाठीवर आणि मांडीवर पट्ट्यांचे वळ उमटलेले असत. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचे आहे, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती. आधी लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांना हा फोम बसला आणि सगळीकडे पोहोचायला आणखी दहाएक वर्षे गेली. तोवर ते मंत्री राहिलेले नव्हते. त्यांना मिळाली जेमतेम सव्वादोन वर्षे. आज तुम्ही शयनयानाच्या कुठल्याही डब्यात पाठ टेकता तेव्हा ती त्या निर्णयावर टेकता, आणि त्या डब्यात त्यांचे नाव कुठेही लिहिलेले नाही.

डिसेंबर 1977 मध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीही त्यांच्याच काळात. तिला पहिला वर्ग नव्हताच. लांबच्या वेगवान गाडीत सगळेच दुसऱ्या वर्गाचे, ही कल्पना आमच्यातल्या अनेक जुन्या लोकांना तेव्हा वेडेपणाची वाटली होती.

फलकावर एक चूक मात्र करू नका. संगणकावरचे आरक्षण त्यांनी सुरू केले असे फिरत्या मजकुरात असते. त्या दिशेने विचार त्यांच्या काळात झाला असेलही, परंतु दिल्लीत प्रत्यक्ष संगणकीय आरक्षण सुरू झाले ते 1986 च्या सुमारास. जे त्यांचे नाही ते त्यांच्या पदरात टाकण्याची गरज नाही. त्यांना स्वतःलाही ते रुचले नसते.

उत्तर – चाकरमान्याची लेक

मी या प्रश्नाकडे मतदारसंघाच्या बाजूने बघते, कारण माझे वडील गिरणीत होते आणि दर गणपतीला आम्ही मुंबईहून गावी जात असू.

रेल्वे नव्हती तेव्हा तो प्रवास म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगून कळत नाही. रात्रीची एसटी, छपरावर बांधलेल्या ट्रंका, कशेडी घाट लागला की आईने पदराखालून काढलेले लिंबू, आणि पहाटे कुठल्या तरी थांब्यावर वाहकाने मारलेली हाक. सागरी मार्गाने जाणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून बोट होती, पण पावसाळ्यात ती बंद आणि गणपती येतात पावसाळ्यातच. मुंबईला लागून असलेला हा किनारा, जिथली निम्मी घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत, त्याला रुळाने मुंबईशी जोडावे असे स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षे दिल्लीतल्या कोणाला निकडीचे वाटले नाही.

दंडवते राजापूरला आले ते बॅरिस्टर नाथ पै यांच्यानंतर. नाथ पै 1957 पासून इथून निवडून येत होते. जानेवारी 1971 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि दोन महिन्यांत निवडणूक आली. नाथ पैंचे वक्तृत्व ज्यांनी ऐकले होते, त्यांना त्यांच्या जागी कोणीही फिकाच वाटला असता. दंडवते शिकवत असत भौतिकशास्त्र, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात. त्यांचे भाषणही वर्गात शिकवल्यासारखे असायचे, पायरी पायरीने, मधूनच एखादी मिश्किल कोटी. वडील म्हणायचे की नाथ पैंच्या सभेतून माणूस भारावून घरी यायचा आणि दंडवत्यांच्या सभेतून काहीतरी समजून घेऊन यायचा. देशभर इंदिरा गांधींची लाट असताना त्या वर्षी राजापूरने या परक्या प्राध्यापकाला निवडून दिले, आणि 1984 च्या त्याहून मोठ्या लाटेतही तो निकाल बदलला नाही. त्या निवडणुकीत जनता पक्षाचे सबंध देशात दहा खासदार आले, त्यांतले एक दंडवते होते.

कोकण रेल्वेबद्दल लिहिताना मात्र हात जपून चालवा. अ. ब. वालावलकरांनी या मार्गासाठी आयुष्य वेचले, नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला, आणि प्रत्यक्ष बांधकामाचे श्रेय ई. श्रीधरन यांचे व त्यांच्या हाताखाली डोंगर पोखरणाऱ्या हजारो कामगारांचे आहे. दंडवत्यांचा वाटा दोन ठिकाणी दाखवता येतो. पहिला, रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहा हा तुकडा त्यांनी मार्गी लावला, आणि 1986 मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली. तुकडा लहान होता, पण त्यामुळे रूळ एकदाचे कोकणाच्या दिशेने वळले. दुसरा, 1990 मध्ये ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, तेव्हा कोकण रेल्वेसाठी वेगळे महामंडळ काढले गेले. त्यात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के, आणि उरलेला पैसा रोख्यांतून बाजारातून उभा करायचा. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून थेंब थेंब पैसा आला असता, तर आपण अजूनही रोह्यालाच गाडी बदलत बसलो असतो. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा 741 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी पूर्णपणे वाहतुकीला खुला झाला, तेव्हा दंडवते आमचे खासदार नव्हते. सावंतवाडीच्या टर्मिनसला त्यांचे नाव द्यावे अशी मागणी इथल्या लोकांनी कित्येक वर्षे केली आहे.

आणि कृपा करून एक फलक दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताईंसाठी ठेवा. आणीबाणी लागली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते; वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर त्यांना तिथेच अटक झाली. प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवराबायको दोघेही दीडेक वर्ष वेगवेगळ्या राज्यांतल्या तुरुंगांत, आणि मध्ये तुरुंगाधिकाऱ्याने वाचून सोडलेली पत्रे. पुढे 1980 मध्ये दोघेही एकाच लोकसभेत निवडून आले, हे राजापुरातून आणि त्या उत्तर-मध्य मुंबईतून. हुंडाविरोधी कायदा कडक व्हावा म्हणून त्यांनी संसदेत आणि रस्त्यावर जे काम केले, ते कोणाची पत्नी म्हणून केलेले नव्हते.

उत्तर – अर्थवाचक

वरची दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत आणि त्यांतल्या वस्तुस्थितीशी माझा वाद नाही, पण प्रदर्शन म्हणजे आरती नव्हे. अर्थमंत्री दंडवते यांच्याकडेही बघायला हवे.

विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात त्यांनी एकच अर्थसंकल्प मांडला, मार्च 1990 चा. त्यात दोन ठळक गोष्टी होत्या. शेतकरी आणि कारागीर यांची 10,000 रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची योजना ही पहिली. निवडणुकीत दिलेले वचन पाळले, हे खरे. परंतु त्याच वेळी सरकारचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता, परकीय चलनाची गंगाजळी आटत होती, आणि सव्वा वर्षाने देशाला सोने गहाण टाकावे लागले. तो खड्डा दंडवत्यांनी खणला नव्हता, तो आधीच्या दहा वर्षांत खणला गेला होता. पण तो बुजवण्याच्या दिशेनेही त्या अर्थसंकल्पाने फारसे काही केले नाही. स्वतः काटकसरीने राहणारा माणूस राज्याच्या खर्चाबाबतही काटकसरी असतो असे नाही, आणि वैयक्तिक साधेपणाच्या गोष्टींवर मूल्यमापन उभे केले की हा फरक दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची, आणि तिचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही. साठच्या दशकात सोन्यावर निर्बंध आले, 14 कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी आली आणि हजारो सोनारांच्या हातचे काम गेले. ती अट पुढे सैल झाली, तरी 1968 च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि झडत्यांचा जाच कायम ठेवला. सरकारी नियंत्रणावर विश्वास असलेल्या समाजवादी परंपरेतल्या अर्थमंत्र्याने हा कायदा मोडीत काढला, कारण त्याने तस्करी थांबली नव्हती आणि कारागीर मात्र नागवला गेला होता. आपल्या विचारसरणीला न साजणारा पण अनुभवाने पटलेला निर्णय घेणे, हे मला तत्त्वनिष्ठेचे जास्त चांगले उदाहरण वाटते. तत्त्व कारागिराच्या बाजूने उभे राहण्याचे होते, नियंत्रणाचे नव्हते.

आता 1991. कोकण कृतघ्न निघाले, हे स्पष्टीकरण भावनेला बरे वाटते, पण त्याने काही उलगडत नाही. तळकोकणातली समाजवादी मते ज्या खांबांवर उभी होती ते शाळामास्तर, समाजवादी वळणाच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि मुंबईतले गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या, मनीऑर्डर आटल्या, आणि त्या घरातली तरुण पोरे मुंबईत शिवसेनेच्या शाखेवर बसू लागली. 1990 च्या विधानसभा निवडणुकीत सिंधुदुर्गात याचा परिणाम दिसलाच होता. 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि 1996 मध्ये तीच जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली. दंडवते दिल्लीत अर्थखाते सांभाळत असताना त्यांच्या पायाखालची जमीन गावात सरकत होती, आणि ती सरकते आहे हे सांगणारी माणसे त्यांच्या पक्षात उरली नव्हती. फाटाफुटीच्या हौसेपायी समाजवाद्यांनी आपले कार्यकर्तेच गमावले होते. दंडवते स्वतः या फाटाफुटीचे सूत्रधार कधी नव्हते, पण तिला थांबवूही शकले नाहीत. सभ्य माणसाची ही मर्यादा फलकावर लिहिण्यात मला काही गैर वाटत नाही.

उत्तर – चाकरमान्याची लेक

गिरणीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. आमच्याच घरात 1982 नंतर वडील घरी बसले आणि धाकटा काका शाखेत जाऊ लागला. तरीही 1991 मध्ये वडिलांनी मत दंडवत्यांनाच दिले आणि काकाने दिले नाही, आणि त्या दिवशी दोघे एकाच रिक्षातून मतदानाला गेले होते. पाडले म्हणजे तिरस्काराने पाडले असे नव्हते, एवढेच सांगायचे आहे. निकालानंतर काकाच म्हणाला होता की माणूस चांगला होता, पण आम्हाला आता चांगल्या माणसाने काय करायचे आहे. हे वाक्य तेव्हा मला फार लागले होते. आता त्यातला कडवटपणा कुठून आला ते कळते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – तळकोकणातला वाचक

सर्वांचे आभार. फलकांचा आराखडा बदलला आहे. व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी सगळ्या काढल्या. 1991 चा फलक राहणार, आणि अर्थवाचक यांनी सांगितलेली कर्जमाफी व सुवर्ण नियंत्रण या दोन्ही बाबी एकाच फलकावर शेजारी शेजारी येतील. प्रमिलाताईंचा फलक स्वतंत्र असेल. 1942 चे चले जाव आंदोलन आणि 1955 चा गोवा सत्याग्रह यांना मिळून अर्धा फलक दिला आहे. त्या पिढीतल्या अनेकांनी तुरुंगवास भोगला होता, वेगळे ठरते ते त्यांनी पुढे सत्तेत काय केले हे. पराभवानंतरचा भाग थोडक्यात घेतला आहे: 1996 ते 1998 नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद, 12 नोव्हेंबर 2005 रोजी निधन, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे जे. जे. रुग्णालयाला देहदान.

समितीतल्या एका वडीलधाऱ्या सदस्यांनी मात्र हट्ट धरला आहे की साधेपणाचा एक तरी फलक हवा, नाहीतर लोक विचारतील. मी त्यांना फोमचा फलक दाखवला. ते म्हणाले, यात साधेपणा कुठे आहे, ही तर सोय आहे. बराच वेळ विचार करूनही त्यांना पटेल असे उत्तर मला देता आलेले नाही.

उत्तर – जुना रेल्वेवाला

त्यांना वादात हरवू नका, बसवा. एखाद्या सुताराकडून सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असे लाकडी पट्ट्यांचे बाक करून घ्या, पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा, आणि अर्ध्या लांबीवरच दोन इंची फोम घालून वर रेक्झिन ठोका. उरलेले अर्धे उघडे राहू द्या. बाजारात हल्ली चार इंची फोमच पुढे करतात, तो घेऊ नका, मोजून दोन इंची मागा. रेक्झिन शक्यतो हिरवट बघा. आमच्या वेळच्या डब्यांत मला तो रंग आठवतो. खिळे कडेला आतल्या बाजूने मारा, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणाचे तरी धोतर फाटेल. तुमच्या त्या ज्येष्ठ सदस्यांना आधी उघड्या बाजूला बसवा आणि अर्धा तास तिथेच चहा द्या.